आधी कीबोर्ड की आधी पासवर्ड? रास्पी-कॉन्फिगच्या मेनूची दहा वर्षं

‘पायवर पासवर्ड बदलला, एसएसएच चालू केलं, आणि आता लॅपटॉपवरून लॉगिनच होत नाही.’ रास्पबेरी पाय, म्हणजे तळहातावर मावणारा छोटा संगणक, शिकवणाऱ्यांच्या ओळखीची ही तक्रार. (एसएसएच म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रात लॉगिन करायची सोय.) आयपी बरोबर, केबल बरोबर, पासवर्ड तर आत्ताच स्वतः ठेवलेला. तरी समोर ‘परमिशन डिनाइड’. अशा वेळी राउटर उलटापालटा करण्याआधी एकच प्रश्न विचारावा: पासवर्डात @ आहे का?

रास्पबेरी पाय ब्रिटिश. संस्था केंब्रिजची, आणि तिची ऑपरेटिंग सिस्टम एसडी कार्डावर उतरवली की मूळ सेटिंग तिकडचीच असते: भाषा ब्रिटिश इंग्रजी, घड्याळ लंडनचं, कीबोर्डची मांडणी ‘जीबी’, म्हणजे ग्रेट ब्रिटनची. आपल्याकडे दुकानात मिळतो तो कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा. चारच्या कळीवर ₹ छापलेला असला, तरी @ असतो दोनच्याच कळीवर. जीबी मांडणीत शिफ्ट धरून 2 दाबलं की दुहेरी अवतरणचिन्ह उमटतं. @ हवा तर अवतरणचिन्हाच्या कळीकडे जायचं. शिफ्ट आणि 3 ला # ऐवजी £ येतो. सगळ्यात वाईट गत उभ्या रेघेची, म्हणजे | या पाइपच्या चिन्हाची. ब्रिटिश कीबोर्डवर डाव्या शिफ्टला चिकटून एक जादा कळ असते, ती रेघ तिथे राहते, आणि ती कळ आपल्या कीबोर्डवर नसतेच. लिनक्सचं टर्मिनल समोर आहे आणि पाइपचं चिन्ह सापडत नाही, अशी अवस्था.

हे डोळ्यांना दिसतं तोवर निभावतं. पासवर्ड टाइप करताना मात्र स्क्रीनवर काहीच उमटत नाही. आपण @ घातला असं वाटतं, आत गेलेलं असतं अवतरणचिन्ह. दोन्ही वेळा तेच गेल्यामुळे ‘पुन्हा टाइप करा’ची तपासणीही सुरळीत पार पडते. मग आपण मेनूत पुढे जातो, कीबोर्ड अमेरिकी करतो, आणि आता तीच कळ खरोखरचा @ देऊ लागते. पासवर्ड चुकला! कीबोर्ड बदललाच नाही, तरी सुटका नाही. लॅपटॉपवरून एसएसएच करताना कळांचा अर्थ लॅपटॉप लावतो. तिथून @ जातो आणि पायच्या खात्यात अवतरणचिन्ह साठवलेलं असतं.

म्हणजे पासवर्डचा पर्याय आधी आणि कीबोर्डचा नंतर, एवढ्या एका गोष्टीमुळे हा घोळ होतो. मेनूतला क्रम ही सजावटीची बाब आहे असं मानणाऱ्यांना मी हेच प्रकरण दाखवतो, कारण रास्पी-कॉन्फिगने, म्हणजे पायची सेटिंग बदलायच्या प्रोग्रॅमने, हा क्रम दहा वर्षांत अनेकदा बदलला आणि प्रत्येक बदलामागे पाहण्यासारखं काहीतरी आहे.

2012: बरोबर क्रम, नावांसह

रास्पी-कॉन्फिग ही एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे टर्मिनलच्या आज्ञा ओळीने लिहिलेली फाइल. निळ्या पडद्यावर करड्या चौकटीत यादी दाखवायचं काम ‘व्हिपटेल’ नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. पाय बाजारात आला फेब्रुवारी 2012 मध्ये, रास्पबियन ही त्याची ऑपरेटिंग सिस्टम त्याच वर्षी जुलैमध्ये, आणि सुरुवातीच्या त्या आवृत्त्यांत पहिल्यांदा बूट केलं की ही चौकट आपोआप समोर यायची.

2012 च्या यादीत आकडे नव्हते. पर्यायांची नावं सरळ लहान लिपीत, जणू फंक्शनांचीच: इन्फो, एक्स्पांड_रूटएफएस, ओव्हरस्कॅन, कन्फिगर_कीबोर्ड, चेंज_पास, चेंज_लोकॅल, चेंज_टाइमझोन, मेमरी_स्प्लिट, ओव्हरक्लॉक, एसएसएच, बूट_बिहेवियर, अपडेट. दिसायला रुक्ष. पण क्रम नीट पाहा. सगळ्यात वर ‘इन्फो’, म्हणजे नुसती माहिती. व्हिपटेलला वेगळं सांगितलं नाही तर तो पहिल्याच पर्यायावर ठळक पट्टी ठेवतो, त्यामुळे कोणी न वाचता एंटर दाबलं तर फक्त माहितीची चौकट उघडायची. दुसरं, कार्डावरची उरलेली जागा ताब्यात घेणं. तिसरं, टीव्हीच्या कडेला कापली जाणारी किंवा काळी राहणारी पट्टी दुरुस्त करणं, म्हणजे स्क्रीन पूर्ण दिसेल. चौथा कीबोर्ड. आणि मग पाचवा पासवर्ड.

आधी जागा, मग नजर, मग हात, मग किल्ली. वरून खाली एकेक पर्याय घेत गेलात तर मागच्याने पुढच्याला अडवलेलं नाही. हे ठरवून केलं की जमून गेलं, मला फरक पडत नाही. पहिल्यांदाच पाय हातात घेतलेल्या माणसासाठी ती यादी योग्य होती.

तिची अडचण वेगळी होती. बारा पर्याय, आणि नवे येणारच होते. कॅमेरा येऊ घातला होता. सपाट यादीला कुठेतरी घडी घालावीच लागते.

2013: आकडे आले, कीबोर्ड आत गेला

मे 2013 मध्ये कॅमेरा बोर्ड विक्रीला आला, आणि त्या वर्षीच्या रास्पी-कॉन्फिगमध्ये मेनू नव्याने मांडलेला दिसतो. 1 एक्स्पांड फाइलसिस्टम, 2 चेंज यूजर पासवर्ड, 3 बूट टू डेस्कटॉप, 4 इंटरनॅशनलायझेशन ऑप्शन्स, 5 एनेबल कॅमेरा, 6 ॲड टू रास्ट्रॅक, 7 ओव्हरक्लॉक, 8 ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, 9 अबाउट. नऊ ओळी, एका नजरेत मावणाऱ्या, प्रत्येकीसमोर काय होईल त्याचं एका वाक्यात वर्णन. पहिल्या यादीपेक्षा ही कितीतरी वाचनीय, आणि तरीही माझ्या मते क्रमाच्या बाबतीत मागे गेलेली.

पहिला पर्याय समर्थनीय होता. तेव्हाची इमेज फाइल साधारण दोन जीबीच्या कार्डात मावेल अशी असायची. आठ जीबीच्या कार्डावर उतरवली तरी सिस्टमला दोनच जीबी दिसायचे. शिवाय जागा वाढवल्यावर ती पुढच्या रीबूटला लागू व्हायची, म्हणून हे काम लवकर उरकणं शहाणपणाचं. पण ‘इन्फो’ची जागा आता या पर्यायाने घेतली. डोळे मिटून एंटर दाबणाऱ्याच्या हातून आता पार्टिशन बदलणार होतं. नवशिक्याला ते हवंच असायचं म्हणून खपून गेलं.

दुसऱ्या क्रमांकावर पासवर्ड येण्याचं कारण समजण्यासारखं आहे. प्रत्येक पायवर ‘पाय’ हेच खातं आणि ‘रास्पबेरी’ हाच पासवर्ड. सुरक्षेच्या दृष्टीने तातडीचं काम तेच. पण तातडी आणि अवलंबित्व या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. कीबोर्ड आता इंटरनॅशनलायझेशनच्या आत गेला होता, आणि तिथेही भाषा व टाइमझोननंतर तिसरा, आय3. म्हणजे ज्याच्यावर पासवर्डचं टायपिंग अवलंबून, तो पर्याय पासवर्डपेक्षा दोन ओळी खाली आणि एक पायरी आत. केंब्रिजमध्ये बसलेल्याला यात काहीच खटकलं नसेल, त्याचा कीबोर्ड जीबीच. अमेरिकेत आणि भारतात मात्र वरून खाली आज्ञाधारकपणे जाणारा माणूस सापळ्यात पाऊल टाकायचा.

वर्गीकरण म्हणून ‘भाषा, वेळ, कीबोर्ड’ ही तिकडी छान जमते. तीनही गोष्टी देशावर ठरतात. पण एकत्र शोभणाऱ्या गोष्टींची गरज एकाच वेळी पडते असं नाही. टाइमझोन महिनाभर लंडनचा राहिला तर लॉगमधल्या वेळा साडेपाच तासांनी चुकतील (उन्हाळ्यात साडेचार). कीबोर्ड पाच मिनिटं चुकीचा राहिला तर तुम्ही स्वतःच्या यंत्राबाहेर.

आतल्या याद्या

मुख्य मेनूवर एवढं बोललं जातं, पण लोक अडकतात ते आतल्या याद्यांत, आणि त्यातल्या बऱ्याच रास्पी-कॉन्फिगने लिहिलेल्याच नाहीत. त्या डेबियनकडून, म्हणजे ज्या लिनक्सवर रास्पबियन बेतली आहे तिच्याकडून, आलेल्या.

कीबोर्डचंच घ्या. आधी कीबोर्डचं मॉडेल विचारतात. ‘जेनेरिक 105-की’वर पट्टी असते, पुढे जायचं. पुढची यादी मांडण्यांची, आणि तिच्यात वरपासून खालपर्यंत ‘इंग्लिश (यूके)’ आणि त्याचेच प्रकार. अमेरिकी मांडणी कुठेच नाही. ती हवी तर सगळ्यात खालचं ‘अदर’ निवडायचं, तिथे देशांची मोठी यादी उघडते, तिच्यात ‘इंग्लिश (यूएस)’. यादी बनवणाऱ्याचा तर्क असा की आत्ताची मांडणी जीबी आहे, तर माणसाला तिचाच एखादा प्रकार हवा असणार. पण कीबोर्डच्या सेटिंगमध्ये माणूस येतो तोच मुळी आत्ताची मांडणी चुकीची आहे म्हणून. आहे त्याच्या आसपासचं वर आणि बाकी सारं जग ‘अदर’मध्ये, हा क्रम इथे नेमका उलटा पडतो.

भाषेच्या यादीत वेगळीच गंमत. शेकडो ओळी, कोडनुसार लावलेल्या, ‘ईएन_जीबी’वर आधीच खूण. इथे निवडायला स्पेस बार लागतो. एंटर दाबलं की यादी बंद. मराठी माणूस उत्साहाने खाली खाली जाऊन ‘एमआर_आयएन’ शोधतो, पट्टी त्यावर आणतो, एंटर दाबतो, आणि निवड काहीच झालेली नसते. झाली असती तरी नुसत्या टेक्स्ट कन्सोलवर पस्तावा झाला असता. लिनक्स कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त 512 चिन्हं मावतात आणि जोडाक्षरं जुळवायची सोय नाही. मराठीतले संदेश चौकोन होऊन येतात. डेस्कटॉप असेल तर मराठी खुशाल निवडा. कन्सोलपुरतं ‘ईएन_आयएन’ पुरे.

वायफायसाठी देश निवडायची यादी मात्र अक्षरक्रमाने आहे आणि तीच बरोबर आहे. ज्याला नेमकं काय हवं ते माहीत असतं, त्याला अक्षरक्रमच लागतो. ती लावली आहे दोन अक्षरी देशकोडांप्रमाणे, म्हणून जर्मनी ‘डीई’मध्ये आणि स्वित्झर्लंड ‘सीएच’मध्ये सापडतं. भारताला याचा त्रास नाही. इंडोनेशिया, आयर्लंड, इस्रायल, आइल ऑफ मॅन, की मग आपण.

एसएसएचचा प्रवास

2016 च्या शरदात मिराय नावाच्या बॉटनेटने (परस्पर ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या जाळ्याने) मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर गोळा करून मोठमोठ्या साइट आडव्या केल्या. त्यानंतर नोव्हेंबर 2016 च्या शेवटी रास्पबियनमध्ये एसएसएच मुळात बंद ठेवायचा निर्णय झाला. आता मॉनिटरशिवाय पाय वापरणाऱ्या प्रत्येकाला तो मुद्दाम चालू करावा लागणार होता. ज्याला कोणी हात लावत नव्हतं तो पर्याय एका दिवसात सर्वाधिक शोधला जाणारा झाला.

त्याचा पत्ता बघा कसा बदलत गेला. 2012 मध्ये मुख्य यादीतच, नुसत्या नावाने. मग ॲडव्हान्स्डच्या आत ए4. मग इंटरफेसिंग ऑप्शन्समध्ये, 5 च्या आत पी2. पुढे तोच गट 3 वर आला. मग उपमेनूची अक्षरं बदलली आणि पी2 चा आय2 झाला. जुन्या कॅमेऱ्याचा पर्याय गेल्यावर आय1. प्रत्येक हालचाल त्या वेळी योग्यच होती. पण दरम्यान हजारो शिकवण्या, कॉलेजांच्या लॅब मॅन्युअल, व्हिडिओ ‘5 दाबा, मग पी2’ असं सांगून बसले होते. आकडा एकदा छापला गेला की तो पत्ता होतो, आणि मग मेनू तुमच्या एकट्याचा राहत नाही.

याची दुसरी बाजूही याच प्रोग्रॅममध्ये आहे. रास्पी-कॉन्फिगला ‘नॉनइंट’ हा शब्द देऊन मेनूशिवाय चालवता येतं: ‘रास्पी-कॉन्फिग नॉनइंट डू_एसएसएच 0’. (शून्य म्हणजे चालू. शेलमध्ये शून्य म्हणजे यश, त्या हिशेबाने ठीक. पहिल्यांदा वाचणाऱ्याला मात्र हमखास उलटं वाटतं.) इथे आकडा नाही, फंक्शनचं नाव आहे, म्हणून मेनू कितीही हलला तरी जुन्या स्क्रिप्ट चालत राहिल्या. माणसांना आकडे दिले आणि यंत्रांना नावं. टिकाऊ वाटणी यंत्रांच्या पदरात पडली.

पहिला पर्याय नाहीसा होतो

2016 मध्ये आणखी एक गोष्ट झाली: पहिल्या बूटलाच सिस्टम स्वतःहून पूर्ण कार्ड व्यापू लागली. एक्स्पांड फाइलसिस्टमची गरजच संपली. तरी तो पर्याय काही काळ पहिल्या क्रमांकावर बसून राहिला, आणि नंतर ॲडव्हान्स्डमध्ये ए1 झाला. मग पहिली जागा पासवर्डला मिळाली, अपडेट 8 वर, अबाउट 9 वर.

मला या प्रकरणातली ही सगळ्यात चांगली दुरुस्ती वाटते. एखादा पर्याय सगळ्यांनाच, नेहमी, पहिल्यांदा आणि ‘हो’ असाच निवडावा लागत असेल, तर त्याला वरची जागा देण्यापेक्षा तो विचारणंच सोडून द्यावं.

2020 मध्ये मेनू पुन्हा मांडला: सिस्टम, डिस्प्ले, इंटरफेस, परफॉर्मन्स, लोकॅलायझेशन, ॲडव्हान्स्ड. पहिली पाच नावं डेस्कटॉपवरच्या सेटिंगच्या खिडकीतल्या टॅबांचीच, त्याच क्रमाने. आकड्यांत 6 नंतर थेट 8 येतो. अपडेट आणि अबाउट आपल्या जुन्या क्रमांकांवर तसेच. कोणाला ती चूक वाटेल, मला ती मोकळी सोडलेली जागा आवडते. दोन पत्ते तरी जुने राहिले.

पण कीबोर्ड? तो आता पाचव्या गटात, पासवर्ड पहिल्या गटात. 2013 पेक्षाही लांब. आणि तरीही या क्रमाला माझी हरकत नाही, कारण दरम्यान या मेनूचं काम बदललं होतं.

2012 ची चौकट पहिल्या बूटला समोर येऊन उभी राहायची. ती एक कृती होती, पायऱ्यापायऱ्यांची. तीच चौकट पुढे दर दोन महिन्यांनी ‘ते आयटूसी (सेन्सर जोडायची सोय) कुठे चालू करायचं’ म्हणून उघडायची जागाही झाली. फोडणीला क्रम लागतो, मिसळणाच्या डब्यात वाट्यांना जागा लागते. 2013 च्या यादीची ओढाताण झाली ती एकाच यादीने दोन्ही करायला घेतल्यामुळे. पासवर्ड वर ठेवावा तर पहिल्यांदा येणारा फसतो. कीबोर्ड वर ठेवावा तर पन्नासाव्यांदा येणाऱ्याला रोज एका निरुपयोगी ओळीवरून खाली यावं लागतं. त्यातच प्रत्येक काम उरकून परत आलं की पट्टी पुन्हा पहिल्या ओळीवर!

मार्ग निघाला तो यादी फोडून. जून 2018 मध्ये डेस्कटॉपवर पहिल्या वेळेसाठी वेगळा विझर्ड, म्हणजे एकेक प्रश्न विचारत नेणारी खिडकी, आला. त्याचा पहिला प्रश्न देश, भाषा, टाइमझोन. पासवर्ड त्यानंतर, वायफाय त्याच्याही नंतर. पुढे त्या पहिल्याच पडद्यावर ‘यूएस कीबोर्ड वापरा’ अशी चौकटही आली. आणि एप्रिल 2022 मध्ये ‘पाय’ हे तयार खातं आणि त्याचा जगजाहीर पासवर्ड काढून टाकला गेला. काही देश मूळ पासवर्ड असलेल्या उपकरणांविरुद्ध कायदे करत होते, हे एक कारण तेव्हा दिलं गेलं. आता डेस्कटॉप नसलेल्या लाइट आवृत्तीतही पहिल्या बूटला खातं तयार करावं लागतं, आणि त्याच्या आधी एक पडदा येतो: कीबोर्डची मांडणी निवडा. त्यानंतर खात्याचं नाव. मग पासवर्ड. 2012 च्या यादीतला चौथा आणि पाचवा पर्याय, त्याच क्रमाने.

वायफायची अडचण त्यांनी आणखी वेगळ्या पद्धतीने सोडवली. मार्च 2018 च्या थ्री-बी-प्लस या मॉडेलपासून देश ठरवल्याशिवाय वायफाय रेडिओ बंदच असतो, कारण कोणत्या देशात कोणते चॅनल चालतात ते कायद्याने ठरतं. पण वायफायचं नाव-पासवर्ड सिस्टम गटात आणि देश लोकॅलायझेशन गटात. पुन्हा तोच उलटा क्रम. इथे मेनू हलवला नाही. वायरलेस लॅनचा पर्याय निवडला आणि देश ठरलेला नसेल, तर तो स्वतःच आधी देश विचारतो आणि मगच नेटवर्कचं नाव. यादी कुठल्याही क्रमाने असो, आधीची अट नंतरच्या पर्यायाने स्वतः पाहून घ्यायची. स्वतःची सेटअप स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी या स्क्रिप्टमधून उचलायचं झालं, तर मी मेनूच्या रचनेपेक्षा हे फंक्शन उचलेन. तसंच पासवर्डच्या पर्यायाला ‘कीबोर्ड अजून मूळचाच आहे, एक ओळ टाइप करून @ कुठे येतो ते बघा’ असं विचारता आलं असतं. ते कधी झालं नाही.

आता बहुतेक लोक कार्ड तयार करतानाच लॅपटॉपवरच्या ‘इमेजर’ या प्रोग्रॅममध्ये हे सगळं भरतात. त्याच्या 2.0 च्या आधीच्या आवृत्त्यांतला क्रम पाहा: यंत्राचं नाव, मग खातं आणि पासवर्ड, मग वायफाय, आणि टाइमझोन व कीबोर्डची मांडणी सर्वांत शेवटी. कागदावर 2013 चीच चूक. पण इथे पासवर्ड लॅपटॉपच्या कीबोर्डवर टाइप होतो, पायवरची मांडणी त्याच्या वाटेत येतच नाही, आणि @ चा @ च राहतो.